बाहेरचं पान

१४ सप्टेंबर. उद्या अविधवा नवमी. स्वयंपाक मोठा असतो, गिरणी निम्मा दिवस बंद राहते, म्हणून आजच वरचा दगड उतरवून त्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायला बसले. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम पडतं, भाकरी चिरते, आणि बायका तोंडावर काही न बोलता पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गिरणीत दळण नेतात. छिन्नी, हातोडी आणि दगडाच्या कपच्या डोळ्यांत उडू नयेत म्हणून नवऱ्याचा जुना गॉगल. मुलगी म्हणाली, "आई, हिरोइन दिसतेस." मी म्हटलं, दळायला शिक, तुलाही देईन.

आमची गिरणी घराच्याच पुढच्या खोलीत आहे, तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. सासऱ्यांनी टाकली, त्यांच्यामागे मी चालवते. नवरा शेतात, उसाच्या मागे असतो. गिरणीच्या दाराशी सासूबाईंची खाट आहे. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांना दिसतं कमी, पण पट्ट्याचा आवाज जरा बदलला की माझ्याआधी त्यांना कळतं.

मी छिन्नी चालवत होते तशा आत्या म्हणाल्या, "उद्याच्याला पांढऱ्या भाताचं निराळं काढ."

"काढते."

"आन् पान बाहेरच जाईल. माझ्या माघारी काही करशील तर मी अन्नाला शिवनार न्हाई, सांगून ठिवते."

आठवडाभर आमचं यावरूनच चाललं आहे.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या घरच्या बायकांना या नवमीला जेवू घालतात. आमच्याकडे त्यांची पानं देवघरासमोर मांडतात. आत्या एकेकीचं नाव घेऊन पाणी सोडतात आणि मग त्या नावाची सवाष्ण त्या पाटावर बसते. हे सगळं कुठल्याही घरासारखंच. पण आमच्याकडे शेवटी आणखी एक पान असतं आणि ते घरात मांडत नाहीत. ते कुंपणाबाहेर, बाभळीखाली ठेवायचं. त्यावर सगळं पांढरं: भात, दूध, दही, साखर. हळद नाही, तिखट नाही, मीठसुद्धा नाही. नेणारीनं पदर कमरेला गच्च खोचायचा, केस घट्ट बांधायचे, जाता-येता बोलायचं नाही, आणि ठेवून परतताना मागं बघायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला हे पान माझ्या हातात दिलं गेलं. घरच्या सुनेनंच न्यायचं असा नियम. मी ठेवून आले आणि मग विचारलं, कुणाचं होतं?

"जिनानं नेलेलीचं," आत्या म्हणाल्या.

त्या तेव्हा उभ्या-उभ्या बोलायच्या, हातात काहीतरी काम असायचं. त्या दिवशी त्या पत्रावळी गोळा करत होत्या. "तुझ्या आजेसासऱ्याच्या आज्याची धाकटी भावजय. निजामाचा वक्त. नवी नवरी, तुझ्याहून ल्हान. गेलती सकाळी चांगली. जिनानं धरली."

"धरली म्हणजे?"

"आधी पदर धरला. मग केस धरले. मग गरागरा फिरवून वर नेली. खाली आली ती मेलेलीच."

जिन म्हणजे भूत, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. हिंदू काय, मुसलमान काय, पडक्या विहिरीत जिन आणि जुन्या चिंचेवर जिन. माझी मुलगी जेवताना त्रास द्यायची तेव्हा मीही त्याला बोलावलेलं आहे. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. गावाच्या वरच्या अंगाला जिनाचा माळ म्हणून माळरान होतं. पोरींनी भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद असायची. आता त्या माळावर मंगल कार्यालय झालं आहे. लग्नसराईत तिथं इतका डीजे वाजतो की जिन असता तर त्यानं स्वतःच गाव सोडलं असतं.

इतकी वर्षं मी ते पान दर नवमीला नेलं. मला भुताखेताचं काही वाटत नाही, पण घरचा रिवाज म्हणून नेलं. कुणासाठी नेते याचा विचार कधी केला नाही. पानं लावायची, वाढायची, भांडी घासायची, तेवढ्यात दिवस संपतो.

गेल्या आठवड्यात गिरणीत एक प्रकार झाला. शेजारच्या गल्लीतली कॉलेजला जाणारी मुलगी ज्वारी घेऊन आली होती. कानाला फोन, गळ्यात लांब ओढणी. पीठ किती झालं ते बघायला ती वाकली आणि ओढणीचं टोक पट्ट्यात गेलं. खटका माझ्या हाताशीच असतो. मी तो पाडला. पण खटका पाडला तरी चाक लगेच थांबत नाही, ते आपल्या वेगानं थोडा वेळ फिरतंच. तेवढ्यात ओढणी ताणली, पोरगी पुढे ओढली गेली, आणि सुदैवानं कापड स्वस्तातलं होतं, ते टरकन फाटलं. मानेवर लाल वळ उठला. बाकी काही नाही.

खाटेवरून आत्या किंचाळल्या, "जिन! जिन! पदर धरला गं!"

पोरगी एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. तिला आत्यांचंच हसू आलं. मान चोळत म्हणाली, "आजी, मशिन हाय. जिन न्हाई."

तिला पाणी दिलं, चहा दिला, फोनवरच्या मैत्रिणीला "मी वाचले" असं तीनदा सांगून झाल्यावर तिला घरापर्यंत सोडून आले. येताना रस्त्यात माझे पाय मंदावले. मशिन आहे, जिन नाही. तिनं सहज म्हटलं होतं.

माझं माहेर कापसाच्या बाजाराचं गाव. वडील सरकी काढायच्या कारखान्यात होते. आम्ही शाळेत त्याला जिनिंग म्हणायचो, पण वडील आणि त्यांच्या वयाचे सगळे नुसतं जिन म्हणायचे. "जिनावर चाललो", "जिन सुरू झालं", "यंदा जिनाला कापूस कमी आला". आई त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा मी बरोबर असायचे. वडिलांनी आईला कधी आत येऊ दिलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, हाक मारायची, डबा द्यायचा आणि निघायचं. आत आढ्याजवळून एक लांब लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक मशिनला पट्टे उतरायचे. वडील आईला म्हणायचे, "पदराची बाई आत नको."

हे मला इतकी वर्षं माहीत होतं. सासरच्या जिनाची गोष्टही इतकी वर्षं माहीत होती. दोन्ही एकाच डोक्यात असून एकमेकांना भेटली नव्हती. माहेरचं जिन डब्याच्या वासाचं होतं आणि सासरचा जिन बाभळीखालचा. शब्द तोच आहे हे ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डरला बोलावून पट्ट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. तो म्हणाला, "काकी, एवढी वर्षं कावून न्हाई बसवली?" मी म्हटलं, तू बसव, कीर्तन नको. जाळी बसल्यावर आत्यांच्या खाटेवर जाऊन बसले आणि त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं.

"जिन दिसायला कसा होता, आत्या?"

"दिसंल कसा? म्या बघितला का? शिट्टी मारायचा म्हनं. सकाळच्या पारी, लांब. आजूबाजूच्या गावात ऐकू जायची. शिट्टी झाली की बाया घरातून निघायच्या."

"जायच्या कशाला?"

"त्यो बलवायचा न्हवं का. गरिबाच्या बाया जायच्या. धूर सोडायचा तोंडातनं. सांजच्याला त्याच्या घरातून निघाल्या की डोक्यापासनं पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. तरण्या बाया म्हाताऱ्या होऊन यायच्या. म्हनून तिला पांढरं जेवान."

मी त्यांना सांगितलं. शिट्टी म्हणजे भोंगा. धूर म्हणजे बॉयलरचा. भुवयांवर बसतो तो कापूस. माझे वडील रोज असेच यायचे, आई त्यांना अंगणात झाडायची. वरचा गरागरा फिरणारा तो दांडा. एकोणिसावं शतक संपत आलं होतं तेव्हा कापसाच्या मुलखात असे वाफेवरचे कारखाने येत होते, त्यातला एखादा आपल्या माळावर आला असेल, थोडी वर्षं चालून बंद पडला असेल. जिनानं धरली म्हणजे जिनिंगच्या मशिननं धरली. ती कामाला जात होती.

आत्यांनी हातातली तंबाखूची डबी उघडली, मिटली.

"कामाला?"

"रोजानं. बाकीच्या बायकांसारखी."

"मंग तिला बाहेर कावून ठिवली?"

हे त्यांनी मला विचारलं, जणू मी ठेवली होती. कारखाना गेला, यंत्रं भंगारात गेली, माळावर काही उरलं नाही. माणसांच्या तोंडी शब्द तेवढा राहिला, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ सगळ्यांना जास्त ओळखीचा होता. कामावर मेलेली मुलगी भुतानं झपाटलेली झाली. झपाटलेलीला घरात घेत नाहीत.

मला वाटलं, आता प्रश्न मिटला. यंदा पान आत मांडू. हळद-कुंकू, वडे, आमटी, सगळ्यांना तसं तिला. पण संध्याकाळपर्यंत आत्यांचा विचार बदलला होता.

"तुला ह्ये सांगायला तवा कोन व्हतं? मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. समद्या खोट्या आन् तू येकटी खरी?"

"खोट्या नाहीत. ऐकण्यात चूक झाली."

"बरं, ऱ्हाऊ दे. तिचं नाव सांग. नावानं पाणी सोडावं लागतं. नाव सांग, मी सोता आत वाढते."

नाव नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्या दिराला फोन केला, तो म्हणाला, "वहिनी, मला माझ्या आजीचं नाव आठवंना, ही कुठली काढलीस?" आत्यांच्या ऐकण्यात इतकंच होतं की तिचं माहेर चकलांब्याकडचं. तिकडे आमच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ आहेत, साऱ्या कुळाची माहिती ठेवणारे. त्यांना फोन लावला. आधी पाऊसपाण्याचं झालं, मग उसाचं, मग मी मुद्द्यावर आले. ते लगेच म्हणाले, "हां, जिनानं नेलेली. आमचीच की ती." मला एकदम आशा वाटली. मी नाव विचारलं.

"नाव कसं असंल, बाई? नाव घेतलं की जिन येतो म्हनून आमच्यात नाव घ्यायचीच बंदी व्हती. ज्यांना ठावं व्हतं ते न घेताच गेले."

मी फोन ठेवला. सासरी बाहेर ठेवली, माहेरी नाव पुसलं. दोन्ही घरांनी आपापलं काम चोख केलं होतं.

तिच्याबद्दल आम्हाला जे माहीत आहे ते सगळं त्या शेवटच्या घटकेचं आहे. पदर, केस, गरागरा, वर. ती भाकरी कशी थापायची, तिला काय आवडायचं, नवऱ्याशी पटत होतं की नाही, काही नाही. मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तर फाटक्या ओढणीची ती कॉलेजची पोरगीच येते, फोनसकट.

एवढं मात्र लक्षात आलं. पदर खोचा, केस बांधा, बोलत राहू नका, मागं बघू नका. आम्ही हे भुताचे नियम म्हणून पाळत आलो. पण फिरत्या दांड्याखाली काम करणाऱ्या बायकांना कुणीही हेच सांगेल. तिच्या शेजारी उभी असलेली एखादी बाई घरी येऊन बाकीच्यांना सांगत सुटली असेल, असंच काहीतरी. तिचंही नाव नाही.

तरी मी ठरवलं होतं की उद्या पान आत मांडायचं. नावाच्या जागी "ह्या घरची सून" म्हणून पाणी सोडायचं. आज दगडाला टाकी लावता लावता तेच आत्यांना सांगितलं. त्या खाटेवर उठून बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरगी आठव्यात हाय," त्या म्हणाल्या.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. रक्तदाब जरा वर आहे. अंबाजोगाईला दाखवून आणलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि लवकर परत यायला सांगितलं.

"तू म्हनतीस मशिन. आसंल मशिन. मी आडानी, मला काय कळतं? पर तू समदं बरोबर हायेस आन् येकच चूक झाली, तर ती कुनाच्या अंगावर येईल ते बघ. तुझ्या न्हाई, माझ्या न्हाई."

उत्तर होतं माझ्याकडे, पाठच होतं: जिन नसतो, रक्तदाब असतो, त्याला गोळी असते. पण ते न म्हणता मी छिन्नी उचलली आणि दगडावर ठेवली.

मुलगी आतून म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे ना. पुढच्या वर्षी घेऊ तिला आत. इतकी वर्षं थांबली, अजून एक वर्ष काय?"

तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. तिला पायावर पाय टाकून बसता येत नाही, पाठ दुखते, तिला हे सगळं लवकर मिटायला हवं होतं. आत्या म्हणाल्या, "बघ, पोरीला अक्कल हाय." मी दगड पालथा केला आणि उरलेली टाकी पुरी केली. मला चीड आली होती, पण कुणाची ते ठरवता येईना. भुताला मी मानत नाही. मुलगी आठव्या महिन्यात आहे. या दोन गोष्टींत मला मार्ग काढता आला नाही. मेलेलीसाठी जिवंत पोरीवर पैज लावायची माझी छाती झाली नाही, आणि पैज लावण्यासारखं काही नाहीच हे मला पक्कं माहीत असताना झाली नाही.

दुपारनंतर दगड चढवला, थोडी ज्वारी दळून आतली कच काढून टाकली. गिऱ्हाइकं आली. पहिल्या बाईची ओढणी लांब होती. तिला म्हटलं, आधी खोच. ती म्हणाली, "जाळी हाय की आता." तरी खोच म्हटलं. तिनं डोळे फिरवले आणि खोचली.

१५ सप्टेंबर. आज सकाळी लवकर उठून स्वयंपाकाला लागले. वडे तळले, आमटी केली, कढी केली. सवाष्णी वेळेवर आल्या. आत्यांनी एकेकीचं नाव घेऊन पाणी सोडलं, त्यांना सगळी नावं पाठ आहेत. शेवटी पांढरं पान वाढलं. त्यावर मी आपल्या हातानं, घरातल्या बाकी पानांवर असतं तसं, चिमूटभर मीठ ठेवलं. आत्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं असेल.

पदर खोचला, केस बांधले, पान घेऊन कुंपणाबाहेर गेले. बाभळीखाली जागा झाडून ठेवली होती. पान खाली ठेवलं. आज बोलायचं ठरवून गेले होते, पण नाव नसलं की हाक कशी मारायची ते कळत नाही. "बाई, जेव," एवढंच म्हटलं.

वळताना मागं बघणारही होते. पण दारात मुलगी उभी होती, एक हात कमरेवर, एक चौकटीवर, माझ्याकडेच बघत. मी मागं न बघता सरळ तिच्याकडे चालत आले. रस्त्यावर दळणाचे डबे घेऊन दोघी थांबल्या होत्या. त्यांना सांगितलं, जेवणं उरकू द्या, मग या.